घोडा हट्टी नाही, आपला सिग्नल गंडलाय

मी वीकेंडला रायडिंग शिकतो, आणि मैदानावर एक वाक्य दर रविवारी कानावर पडतंच: "हा घोडा ऐकतच नाही." आज याच वाक्याची चिरफाड करू. कारण घोड्यावर एकदा 'हट्टी' असा शिक्का बसला की पुढे चाबूक येतो, तोंडात जास्त टोचणारा लगाम येतो, आणि शेवटी घाबरलेला घोडा कुणाला तरी खाली पाडतो.

आधी घोडा किती बारीक ऐकतो ते बघा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा गणितं सोडवायचा. उत्तर सात असेल तर सात वेळा खूर आपटून थांबायचा. 1907 मध्ये ओस्कार फुंग्स्ट या अभ्यासकाने दाखवलं, की विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर हान्सलाही ते येत नाही. योग्य आकडा आला की माणसाचं डोकं नकळत किंचित हलायचं, आणि हान्स तेवढंच टिपायचा. गणित बाजूला ठेवा, पण जो प्राणी समोर उभ्या माणसाची एवढीशी हालचाल वाचतो, त्याला पाठीवर बसलेल्याची चुळबुळ कळणार नाही?

आता ट्रेनिंगचं मूळ तत्त्व: दाब द्या, आणि प्रतिसाद मिळताच सोडा. दोन्ही पोटऱ्यांनी हलका दाब दिला, घोड्याने पाऊल पुढे टाकलं, की पाय लगेच सैल. घोडा शिकतो तो दाब *सुटतो* त्या क्षणाला. दाब हा प्रश्न, आणि सुटणं म्हणजे "बरोबर!" हे उत्तर. ते उशिरा आलं तर भलत्याच हालचालीला शाबासकी मिळते. आलंच नाही, म्हणजे आपण चालताना सतत टाचा मारत राहिलो, तर घोडा ठरवतो की या दाबाला काही अर्थ नाही, आणि त्याकडे लक्ष देणंच सोडतो. ज्या नोटिफिकेशनचा काही उपयोग नाही, ते आपण म्यूट करतो ना, तसंच.

सगळ्यात वाईट म्हणजे दोन उलटे सिग्नल एकदम देणं. टाच म्हणते 'चल', लगाम म्हणतो 'थांब'. घोड्याने करायचं काय? तो डोकं झटकतो, मागे सरतो, कधी पुढचे पाय उचलतो. आणि आपण म्हणतो, हट्टी!

हे मुद्दाम कुणी करत नाही. इथे येते मांड. दुडक्या चालीत घोड्याचे तिरपे दोन-दोन पाय जोडीने पडतात, म्हणून पाठ दर ठेक्याला उसळते. मांड पक्की नसेल तर तोल जातो, आणि हात आपसूक लगामाला लटकतात. म्हणजे तोल आपला गेला, पण झटका घोड्याच्या तोंडाला बसला. म्हणूनच आमचे उस्ताद घोडा लांब दोरीवर गोल फिरवतात आणि आम्हाला लगाम हातात न घेता बसायला लावतात. कान, खांदा, कंबर आणि टाच एका उभ्या रेषेत, नजर समोर. आधी बसायला शिका, मग चालवायला!

सरावासाठी चार गोष्टी:

– एका वेळी एकच मागणी. सुरुवात हलक्या दाबाने. प्रतिसाद नसेल तरच हळूहळू वाढवा.

– चालणं, थांबणं, दुडकी, परत चालणं, असे बदल वारंवार करा. सिग्नल यातच साफ होतात.

– डावीकडून आणि उजवीकडून, दोन्ही बाजूंनी सराव करा. माणसासारखी घोड्याचीही एक बाजू सोपी असते.

– एखादी गोष्ट छान जमली की तिथेच थांबा. "अजून एकदा" म्हणत त्याला दमवू नका.

हेल्मेट आणि टाचेचे बूट हवेतच. सपाट बूट रिकिबीतून आरपार सरकू शकतो, आणि पडताना पाय अडकला तर घोडा फरफटत नेईल.

शेवटचं. नेहमी ऐकणारा घोडा अचानक बिथरायला लागला, तर शिस्तीआधी दुखणं शोधा. खोगीर टोचतंय का, पाठ हुळहुळी झालीय का, दात वाढलेत का, नाल सैल आहे का? त्याला तोंडाने सांगता येत नाही, म्हणून तो अंगाने सांगतो. पुढच्या वेळी 'ऐकत नाही' म्हणण्याआधी, तो काय सांगतोय ते आपण ऐकलं का, एवढं तपासा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!