ब्राझीलचा झिको गोव्याचा कोच झाला, पण कप शेवटच्या क्षणी हुकला

२० डिसेंबर २०१५. मडगावचं फातोर्डा स्टेडियम. आयएसएलची फायनल. ८७व्या मिनिटाला एफसी गोवाने गोल मारला आणि स्कोअर २-१ झाला. आता कप गोव्यातच राहणार, असं सगळ्यांनी धरलं होतं. पण शेवटच्या काही मिनिटांत दोन गोल खाल्ले. त्यातला एक तर स्वतःच्याच गोलकीपरच्या नावावर. चेन्नईयिन ३-२ने जिंकली.

गोव्याच्या कोचसाठी हे दुःख नवं नव्हतं. त्याचं नाव झिको.

मिडफिल्डर असूनही त्याने ब्राझीलसाठी ४८ गोल मारले. १९८१ला त्याच्या फ्लामेंगोने लिव्हरपूलला ३-०ने हरवलं. पण १९७८, ८२ आणि ८६ असे तीन वर्ल्डकप खेळूनही कप हाती लागला नाही. ८६ला तर फ्रान्सविरुद्ध त्याची पेनल्टीच अडवली गेली.

१९९१ला तो जपानला गेला. तिथल्या काशिमा अँटलर्सला त्याने मोठं केलं. पुढे जपानचा कोच म्हणून २००४चा आशिया कपही जिंकला.

गोव्यात तो २०१४ला आला. पहिल्या वर्षी सेमीफायनल, दुसऱ्या वर्षी फायनल, तिसऱ्या वर्षी थेट तळाला. जपानमध्ये त्याला टीम घडवायला वर्षं मिळाली होती. इथे तेव्हा अख्खी लीगच अडीच महिन्यांत उरकायची.

तरी एक गोष्ट उरलीच. त्याच्या हाताखाली खेळलेला गोव्याचा रोमिओ फर्नांडिस २०१५ला ब्राझीलच्या अ‍ॅटलेटिको पारानाएन्सेकडून मैदानात उतरला. ब्राझीलचे खेळाडू गोव्यात येतच होते. झिकोच्या काळात गोव्याचा पोरगा ब्राझीलला गेला.