मल्चिंग पेपरपासून इंधन : सुरुवात शेताच्या बांधावरून

मिरची, टोमॅटो यांसारख्या पिकांत मावा व फुलकिडे यांना परावृत्त करण्यासाठी चंदेरी मल्चिंग पेपरची शिफारस आम्ही कीटकशास्त्रज्ञ अनेक वर्षे करीत आलो आहोत. परावर्तित प्रकाशामुळे या किडी पिकावर कमी उतरतात आणि त्यांच्यामार्फत पसरणाऱ्या विषाणूजन्य रोगांचा प्रसारही मंदावतो. मात्र हंगाम संपल्यावर या पेपरचे काय करावे, हे तितक्याच आग्रहाने सांगण्यात आम्ही कमी पडलो. परिणामी तो बांधावर जाळला जातो किंवा नांगरटीत तुकडे होऊन जमिनीतच राहतो.

यावरील एक उपाय म्हणजे पायरोलिसिस, अर्थात औष्णिक अपघटन. प्राणवायूविरहित बंद पात्रात पॉलिइथिलिन सुमारे ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापविले असता त्याच्या लांब साखळ्या तुटतात. निर्माण होणारी वाफ थंड केल्यावर तेल मिळते. न गोठणारा वायू भट्टीसाठीच वापरता येतो. डेहराडून येथील भारतीय पेट्रोलियम संस्थेने गेलच्या सहकार्याने २०१९ मध्ये उभारलेला प्रकल्प दररोज १ टन प्लास्टिकपासून ८०० लिटरपर्यंत डिझेल मिळविण्याच्या क्षमतेचा आहे.

आता शेताचा हिशेब पाहू. एकरातील ६० टक्के क्षेत्रावर २५ मायक्रॉन जाडीचा पेपर अंथरल्यास त्याचे वजन सुमारे ५५ किलो भरते. म्हणजे १ टनासाठी सुमारे १८ एकरांवरील पेपर हवा. हे एकट्या शेतकऱ्याचे नव्हे, तर गटाचे किंवा शेतकरी उत्पादक कंपनीचे काम आहे.

यश मात्र वर्गीकरणावर अवलंबून आहे. काढलेल्या पेपरला चिकटलेली माती कित्येकदा पेपरपेक्षाही जड असते. तिच्यामुळे वाहतूकखर्च वाढतो व तेलाचे प्रमाण घटते. म्हणून पेपर कोरडा असताना काढावा, झटकावा व गुंडाळून सावलीत साठवावा. ठिबकच्या पॉलिइथिलिन नळ्या त्यासोबत चालतील. पीव्हीसी पाइप मात्र वेगळे ठेवावेत, कारण त्यांतून निघणारे हायड्रोजन क्लोराइड यंत्रणा गंजविते. कीटकनाशकांच्या बाटल्या यात कदापि मिसळू नयेत. त्या तीनदा धुऊन, छिद्रे पाडून नियमांनुसार स्वतंत्रपणे द्याव्यात.

घरच्या पिंपात असा प्रयोग करणे जिवावर बेतू शकते. ही वाफ ज्वालाग्राही असते. तसेच कच्चे तेल शुद्धीकरणाशिवाय ट्रॅक्टर वा पंपाच्या इंजिनात वापरू नये.

विस्तार कार्यकर्त्यांनी मल्चिंगच्या प्रत्येक प्रात्यक्षिकात पेपर अंथरण्याइतकेच तो काढून गोळा करण्यासही स्थान द्यावे, ही विनंती.