ज्यांच्यावर संशोधन, त्यांच्या दारी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. पीएच.डी.च्या प्रबंधांचं लोखंडी कपाट माझ्या टेबलामागेच आहे. त्यात बोंडअळीला खेटून लीळाचरित्र उभं आहे आणि कोलामांच्या चालीरीतींशेजारी बोअरच्या पाण्याचं पृथक्करण. मराठीची मुलं प्राणिशास्त्राच्या खणाकडे वळत नाहीत, रसायनशास्त्राची मराठीच्या खणाकडे फिरकत नाहीत. नोंदी करायच्या म्हणून मी मात्र सगळेच प्रबंध चाळते, आणि रस लागला की घरी नेऊन वाचतेही. त्या वाचनातून दोन गोष्टी मला पक्क्या कळल्या. विषय कोणताही असो, संशोधनाची रीत एकच असते: प्रश्न नेमका विचारायचा, पुरावा गोळा करायचा, तुलना करायची आणि दुसऱ्याला तपासता येईल असं सगळं उघड मांडायचं. दुसरी गोष्ट दुःखाची आहे. ज्यांच्या शेतातून, विहिरीतून, तोंडून हा पुरावा गोळा होतो, त्यांच्यापर्यंत त्याचा निष्कर्ष क्वचितच पोहोचतो.

सुरुवात आपल्याच माणसापासून करू. यशवंत खुशाल देशपांडे यवतमाळचे. तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या लीळा म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्रा’त जमवल्या आणि मराठी गद्याचा पाया घातला गेला. पुढे या पंथानं आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. एका अक्षराच्या जागी ठरलेलं दुसरं अक्षर किंवा चिन्ह, अशी ही रचना. त्यामुळे शतकानुशतकं मठाबाहेरच्या माणसाला त्या पोथ्या वाचताच येत नव्हत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला आणि दार उघडलं. देशपांड्यांनी यवतमाळात शारदाश्रम ही संस्था उभी केली, पोथ्यांचा अभ्यास केला आणि १९२५ मध्ये ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ दिला. पुणे-मुंबईपासून दूर बसून केलेलं हे काम आहे.

पोथीवरचं संशोधन म्हणजे जुनं पुस्तक नव्यानं छापणं, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात एकाच ग्रंथाच्या निरनिराळ्या प्रती समोर ठेवून ओळीमागून ओळ ताडून पाहावी लागते. एका प्रतीत एक शब्द, दुसरीत दुसरा. मूळ कोणता? नकलकाराची एकच विचित्र चूक दोन प्रतींत सापडली, तर त्या दोन्ही बहुधा एकाच जुन्या प्रतीवरून उतरल्या आहेत, हे ओळखता येतं. अशा असंख्य चुकांवरून पोथ्यांची वंशावळ मांडायची आणि मग पाठ ठरवायचा. डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेलं लीळाचरित्र १९७८ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यामागे असलेली चिकाटी प्रयोगशाळेतल्या चिकाटीपेक्षा तसूभरही कमी नाही.

आमच्या जिल्ह्यात केळापूर, मारेगाव, झरी जामणी या भागांत कोलामांचे पोड, म्हणजे वस्त्या, आहेत. शासनाच्या यादीत कोलाम ‘विशेष असुरक्षित’ आदिवासी गटात मोडतात. त्यांची कोलामी भाषा तेलुगू, गोंडी यांच्या द्राविड कुळातली, मराठीच्या कुळाबाहेरची. मरी एमेनो हे मूळचे कॅनडाचे भाषाशास्त्रज्ञ १९३०च्या दशकात भारतात आले. वर्ध्याकडच्या कोलामांना समोर बसवून त्यांनी बोलणं ऐकलं, लिहून घेतलं आणि १९५५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातून कोलामीचं व्याकरण प्रसिद्ध झालं. जी भाषा कागदावर नव्हती, तिचे ध्वनी, क्रियापदांची रूपं, गोष्टी त्यात आल्या. जगभरचे अभ्यासक आजही तो ग्रंथ उघडतात. मी पाहिलेल्या पोडावरच्या एकाही शाळेत मात्र त्याची प्रत नाही, की त्यावरून केलेलं साधं गोष्टींचं पुस्तक नाही. पहिलीतलं कोलाम मूल घरात एक भाषा बोलतं आणि वर्गात दुसरी ऐकतं. गुरुजींच्या हाती कोलामीची थोडी वाक्यं असती, तर त्या मुलाचे पहिले काही महिने किती सोपे गेले असते!

आता शेतात येऊ. आमच्याकडे कपाशीला पऱ्हाटी म्हणतात आणि घरातलं लग्न, शिक्षण, औषधपाणी तिच्यावर चालतं. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांचं बियाणं आलं. बोंडअळ्या मरू लागल्या, फवारणी घटली. पण गुलाबी बोंडअळी जवळजवळ कपाशीवरच जगते. सगळीकडे बीटीच पेरलं की तिच्यापुढे दोनच वाटा उरतात: मरा किंवा बीटीतलं विष पचवायला शिका. ज्या अळ्या वाचल्या त्यांचीच प्रजा वाढली. म्हणून तर बियाण्याच्या पिशवीसोबत बिगर-बीटीचं वेगळं पाकीट येत असे. बांधाकडेनं ते पेरलं की तिथं साध्या अळ्या टिकतात आणि प्रतिकार पक्का व्हायला वेळ लागतो. हे कारण शेतकऱ्याला त्याच्या भाषेत कुणी नीट सांगितलंच नाही. ‘रेफ्युजी’ म्हणून ओळखलं जाणारं ते पाकीट बांधावर पडून राहिलं.

२०१७ चा हंगाम आम्ही विसरू शकत नाही. हिरवं, टणक, वरून निरोगी दिसणारं बोंड चिरलं की आत गुलाबी अळी सरकी खात बसलेली दिसे. अळी लहान असतानाच बोंडात शिरते आणि तिनं पाडलेलं छिद्र बुजून जातं, म्हणून वरून कितीही फवारा, औषध तिच्यापर्यंत जात नाही. त्याच वर्षी फवारणीच्या विषबाधेनं आमच्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना दवाखान्यात दाखल करावं लागलं. डोक्याएवढी वाढलेली पऱ्हाटी, दमट उकाडा, दोन-तीन औषधांचं मिश्रण, अंगावर साधा सदरा. यातली बरीच औषधं सेंद्रिय फॉस्फरस गटातली. नसांचे संदेश वेळेवर थांबवणारं एक विकर शरीरात असतं, ते या विषानं निकामी होतं. मग लाळ, घाम, उलट्या, बुबुळं आकसणं आणि शेवटी श्वास अडकणं. हे विषशास्त्राच्या पुस्तकात कधीपासून लिहिलेलं होतं, पण फवारणी करणाऱ्या मजुराला ते कुणी सांगितलेलं नव्हतं.

पुढे नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांचे सल्ले गावोगाव फिरले. हेक्टरी पाच कामगंध सापळे लावा. एका सापळ्यात लागोपाठ तीन रात्री आठ-आठ पतंग आले, तर उपाय सुरू करा. डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे मिटलेलीच राहिलेली फुलं, दिसल्या की तोडून नष्ट करा. फरदड, म्हणजे वेचणीनंतर तीच पऱ्हाटी राखून पुढचं पीक, घेऊ नका, कारण डिसेंबरनंतर उभ्या राहिलेल्या पऱ्हाटीवर अळी पुढच्या हंगामापर्यंत तग धरते. यातल्या प्रत्येक वाक्यामागे कुणाची तरी वर्षानुवर्षांची मोजदाद आहे. संशोधन शेतापर्यंत आलं की ते असं दिसतं: आकड्यासह, करता येण्याजोगं.

शेतकरी आत्महत्यांवरही मोठे अभ्यास झाले. २००५ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेनं मुंबई उच्च न्यायालयासाठी अहवाल दिला. २००६ मध्ये इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचे श्रीजित मिश्रा यांचा अभ्यास आला. वर्धा, वाशिम आणि यवतमाळ जिल्ह्यांतली आत्महत्याग्रस्त घरं आणि तशाच परिस्थितीतली इतर घरं यांची त्यात तुलना होती. ही तुलना फार महत्त्वाची. नुसतं एका घराचं दुःख मोजलं तर कर्ज, नापिकी, आजार, मुलीचं लग्न यांपैकी काय निर्णायक ठरलं, ते समजत नाही. शेजारच्या घरावरही कर्ज होतंच ना? दोन्ही घरं शेजारी ठेवली की कर्जाचा भार आणि एकावर एक कोसळलेली संकटं स्पष्ट दिसतात. पण ज्या बाईच्या ओसरीवर बसून प्रश्नावली भरली जाते, तिला पुन्हा पुन्हा त्याच जखमेबद्दल बोलावं लागतं. तिच्या उत्तरांचं पुढं काय झालं, हे तिला सांगणं ही साधी माणुसकी आहे.

पाण्याचंही तेच. पांढरकवडा परिसरातल्या भूजलात फ्लोराइड आहे, हे ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात २००७ मध्ये छापून आलं. लिटरला दीड मिलिग्रॅम ही पिण्याच्या पाण्याची कमाल मर्यादा. काही नमुन्यांत ती ओलांडली होती. बोअर खोल गेली की पाणी खडकात जास्त काळ मुरतं आणि खडकातलं फ्लोराइड त्यात उतरतं. या पाण्याला रंग नाही, वास नाही. माझ्याकडे पुस्तकं न्यायला येणाऱ्या काही मुलांच्या पुढच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसतात. त्यांना वाटतं, आपण दात नीट घासत नाही. ही मुलं वर्षानुवर्षं विनाकारण लाजत राहतात. दोष त्यांचा नाही, हँडपंपाच्या पाण्याचा असू शकतो आणि गावातलं पाणी तपासून घेता येतं, एवढं सांगायला कितीसा वेळ लागतो?

वाघाचं उदाहरण मात्र आशेचं आहे. टिपेश्वर अभयारण्य जेमतेम १४८ चौरस किलोमीटरचं. तिथल्या एका तरुण नराला फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी आणि वन विभागानं गळपट्टा लावला. उपग्रहाच्या मदतीनं तो पट्टा वाघाचा ठावठिकाणा कळवत राहिला. तेलंगणात जाऊन, पैनगंगेकाठानं फिरून, शेतं, नाले, रस्ते ओलांडत हा वाघ वर्षाअखेरीला बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. पट्टा निघेपर्यंत तो ३,००० किलोमीटरहून अधिक चालला होता. एवढ्या प्रवासात त्यानं कुणा माणसाचा जीव घेतला नाही. पांढरकवडा-राळेगाव भागात त्याआधी १३ जणांच्या मृत्यूचा ठपका असलेली वाघीण नोव्हेंबर २०१८ मध्ये मारली गेली होती. त्यामुळे ही नोंद आमच्यासाठी मोलाची. वाघाची वाट आपल्या शेतांतूनच जाते, हे त्यातून कळतं. रात्रीच्या विजेवर ओलित करायला किंवा जागलीला जाणाऱ्या माणसाला ही वाट माहीत असलीच पाहिजे. जागलीला सोबत कधी हवी, दिवसा वीज का हवी, याचं उत्तर या नकाशात आहे.

म्हणून माझी विनंती आहे. संशोधक विद्यार्थ्यांनी प्रबंध विद्यापीठात सादर केला की दोन पानांचा मराठी सारांश लिहावा आणि ज्या गावांतून माहिती घेतली, तिथल्या ग्रामसभेत तो वाचून दाखवावा. पोडावर कोलामीत सांगावा, बंजारा तांड्यावर गोरमाटीत. मार्गदर्शकांनी त्याशिवाय सही करू नये. आणि वाचकहो, तुमच्या दारी प्रश्नावली घेऊन कुणी आलं तर चहा जरूर द्या, उत्तरंही द्या. पण त्याचं नाव, महाविद्यालय आणि विषय लिहून ठेवा. ‘निकाल सांगायला कधी येणार?’ हे त्याला निघताना विचारा. आपल्या जिल्ह्यावरचे अनेक प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. तिथं गावाचं नाव टाकून पाहा, आणि वाचायला अडलं तर जवळच्या ग्रंथालयात जा. समजावून सांगणं हेही आमचं कामच आहे.