निर्वासितांचे कायदे : आश्रय कोणाच्या भरवशावर?



थंडी सुरू झाली की आपल्या बेळगावात तिबेटी लोकांची स्वेटरची दुकाने लागतात. काही वर्षांपूर्वी त्यांतली एक बाई दम्याची तक्रार घेऊन माझ्या दवाखान्यात आली. होमिओपॅथीत केस घेताना आम्ही खूप काही विचारतो : जन्म, आईवडील, भावंडे, झोप, स्वप्ने, भीती. भीतीचा प्रश्न आला तेव्हा ती म्हणाली, एका कागदाच्या नूतनीकरणाची तारीख जवळ आली की माझी धाप वाढते. तो कागद म्हणजे परकीय म्हणून केलेल्या नोंदणीचे प्रमाणपत्र. बाई जन्मली मुंडगोडला, कन्नड माझ्यापेक्षा चांगले बोलत होती, आणि सरकारदप्तरी परकीय होती. मी वकील नाही, पण तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचत आलो. त्यातले थोडे आपल्यापुढे ठेवतो.

आम्हा जैनांत चार दाने सांगितली आहेत : आहार, औषध, शास्त्र आणि अभय. भ्यालेल्याला आसरा देणे हे अभयदान. त्याची थोरवी मला मान्य आहेच. पण दान म्हटले की देणाऱ्याची मर्जी आली. निर्वासितांच्या कायद्यातला सगळा झगडा या मर्जीभोवती आहे.

आपल्या जवळचेच उदाहरण घ्या. दुसऱ्या महायुद्धात रशियाने सायबेरियात हाकललेले पोलिश लोक सुटून हिंदुस्थानात आले. त्यांतले सुमारे ५,००० जण १९४३ पासून कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले. तिथे शाळा होती, चर्च होते, दुकाने होती. जुन्या कोल्हापूरकरांकडून त्या गोऱ्या मुलांच्या आठवणी मीही ऐकल्या आहेत. पण त्या मुलांना आसरा मागण्याचा हक्क देणारा कायदा तेव्हा नव्हता. युद्ध संपले, पोलंडमध्ये साम्यवादी सत्ता आली, अनेकांना परत जायचे नव्हते. पुढे कोणी ब्रिटनला गेले, कोणी ऑस्ट्रेलियाला.

युरोपातल्या अशाच लाखो बेघर माणसांसाठी १९५१ मध्ये जिनिव्हाला निर्वासितांचा आंतरराष्ट्रीय करार झाला. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे छळ होईल अशी साधार भीती ज्याला आहे, तो निर्वासित. ‘भीती’ हा शब्द कायद्याच्या व्याख्येतच आहे, हे वाचून मी थबकलो होतो. कलम ३३ सांगते की जिथे त्याच्या जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे तिथे त्याला परत पाठवू नये. आधी हा करार १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांपुरता होता. ती अट १९६७ च्या पूरक कराराने काढली. आफ्रिकी देशांनी १९६९ मध्ये आपला वेगळा करार करून परकीय आक्रमण आणि देशातली गंभीर अशांतता ही कारणेही मानली, कारण बॉम्ब पडताना माणूस आपला धर्म कोणता हे बघून पळत नाही.

करार एक असला तरी घर मात्र प्रत्येक देशाचे वेगळे. तुर्कस्तानने करारावर सही केली ती युरोपातून येणाऱ्यांपुरती, आणि ती अट आजही सोडलेली नाही. म्हणून सीरियातून आलेल्यांना २०१४ च्या नियमांखाली ‘तात्पुरते संरक्षण’ दिले. एका वेळी असे ३६ लाखांहून अधिक लोक तिथे होते. एकेकाची चौकशी न करता सगळ्यांना एकदम आत घेतले, ही त्याची जमेची बाजू. पण ज्या प्रांतात नोंदणी झाली त्याबाहेर जायचे तर परवाना हवा, आणि ‘तात्पुरते’ किती काळ हे सरकार ठरवणार. युगांडाने २००६ च्या कायद्याने कामाचा आणि फिरण्याचा हक्क दिला. वसाहतीत कसायला जमिनीचा तुकडाही मिळतो. लोंढे वाढले तसे तुकडे लहान होत गेले, हेही सांगायला हवे.

जर्मनीने तर आश्रयाचा हक्क १९४९ मध्ये थेट राज्यघटनेत लिहिला. हिटलरच्या काळात दारोदार नकार मिळालेल्या जर्मनांची ती आठवण होती. पण १९९३ मध्ये दुरुस्ती झाली : सुरक्षित शेजारी देशातून जमिनीवरून आलेल्याला त्या कलमाचा आधार नाही. जर्मनीचे सगळे शेजारी सुरक्षितच, तेव्हा उरले काय! आज तिथे बहुतेकांना संरक्षण मिळते ते त्या कलमाखाली नव्हे, १९५१ चा करार आणि युरोपीय नियम यांखाली.

मला सर्वांत भावलेला खटला कॅनडातला. तिथे पूर्वी अर्जदाराचा जबाब टिपून घेत आणि निर्णय करणारे तो कागदच वाचत. अर्जदाराला समोर बसवून ऐकणे सक्तीचे नव्हते. असे फेटाळलेले काही जण सर्वोच्च न्यायालयात गेले, त्यांत भारतातून गेलेले शीख होते. ४ एप्रिल १९८५ ला न्यायालयाने सांगितले की माणूस खरे बोलतो की खोटे यावर निर्णय अवलंबून असेल, तर त्याला प्रत्यक्ष ऐकलेच पाहिजे. तीन न्यायाधीशांनी असेही म्हटले की हक्कांच्या सनदेतल्या ‘प्रत्येक’ या शब्दात कॅनडाच्या भूमीवर असलेला कोणीही माणूस येतो. कॅनडाला मग दावे ऐकणारे स्वतंत्र मंडळ उभारावे लागले. रोग्याला न बघता चिठ्ठीवर औषध देऊ नये हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. त्यामुळे हा निकाल मला ओळखीचा वाटला.

आता आपला देश. भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही केलेला नाही. फाळणीनंतर आलेल्या सिंधी-पंजाबी कुटुंबांना आपण निर्वासित म्हणत आलो, पण त्यांना घटनेनेच नागरिकत्व दिले. त्यांचा प्रश्न निराळा होता. बाकी सारे परकीयांच्या कायद्यात : आधी १९४६ चा, आता त्याच्या जागी २०२५ चा. तिबेटींना जमीन दिली, शाळा दिल्या, श्रीलंकेच्या तमिळांना छावण्या दिल्या. हे औदार्य खरेच आहे, त्याला उणे लेखू नये. मात्र ते सरकारी आदेशांवर चालते. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीत पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातून आलेल्या सहा धर्मांच्या यादीत ‘जैन’ शब्द वाचून मला बरे वाटले, हे कबूल करतो. पण यादीत बौद्धही असून आमच्या स्वेटरवाल्या बाईचा त्यात उपयोग नाही, कारण तिचे आईवडील आले तिबेटातून.

न्यायालयांनी मधूनमधून हात दिला आहे. १९९६ मध्ये अरुणाचलातल्या चकमांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की घटनेच्या कलम २१ मधले जीविताचे रक्षण नागरिक नसलेल्यालाही आहे. २०२१ मध्ये रोहिंग्यांच्या अर्जावर त्याच न्यायालयाने तेच पुन्हा मान्य केले, पण परत न पाठवले जाण्याचा हक्क नागरिकांच्या हक्काशी जोडलेला आहे असे सांगून, रीतसर प्रक्रिया करून पाठवायला मुभा ठेवली.

तिबेटींसाठी महत्त्वाचा निर्णय २०१० चा, दिल्ली उच्च न्यायालयाचा. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेला तिबेटी हा जन्मानेच भारतीय. त्यानंतर जन्मलेल्याला मात्र आई किंवा वडील भारतीय असावे लागतात.

माझ्या केसपेपरवर भावंडांच्या रकान्यात त्या बाईने एक थोरला भाऊ सांगितला होता, जन्म १९८५. तिचा स्वतःचा १९८९. दोघे एकाच घरात, एकाच सुईणीच्या हातून जन्मलेले. पुढच्या भेटीला मी तिला हे समजावून सांगितले. ती थोडा वेळ गप्प बसली, मग विचारले, “डॉक्टरसाब, भाईको बोलूँ क्या?” मी म्हटले, जरूर बोला. औषध तेच चालू ठेवले. कागदाची तारीख मात्र मी माझ्या वहीत तिच्या नावासमोर लिहून ठेवली आहे.