गणवेश दिले, पण पोच घेतली का?



गेल्या हंगामात आपल्या संघातल्या एका गटाने जवळच्या शाळेचे गणवेश शिवले. गुरुजी ओळखीचे, समितीचे अध्यक्ष गावातलेच. मग कागद कशाला, असं म्हणून गठ्ठे शाळेत नेऊन ठेवले. दिवाळी आली तरी पैसे नाहीत. विचारलं तर उत्तर मिळालं, "मापं चुकलीत, म्हणून बिल थांबवलंय." किती नग दिले, कधी दिले, तक्रार कधी झाली, कशाचीच नोंद नव्हती. तोवर दोरा-बटणांची उधारी गट बचतीतून फेडत होता.

2024-25 मध्ये एका गणवेशाची शिलाई माविममार्फत बचत गटांना मिळाली होती. 2025-26 पासून गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आलं. म्हणजे गिऱ्हाईक आता गावातलंच आहे. ओळखीच्या माणसाकडे पोच मागायला जीभ रेटत नाही, हीच खरी अडचण.

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा 2006 सालचा आहे. लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे, पण ती मुदत 45 दिवसांच्या वर नेता येत नाही. करार नसेल तर 15 दिवस. हे दिवस माल स्वीकारल्यापासून मोजतात. मालात खोट असेल तर ती 15 दिवसांत लेखी कळवावी लागते. तसं कळवलं नाही, तर माल पोचला त्याच दिवशी स्वीकारला असं धरतात. कळवलं, तर आपण दुरुस्ती करून दिल्यापासून दिवस मोजायचे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. बँक दर साडेपाच टक्के धरला तर साडेसोळा टक्के होतात.

पण माल पोचल्याची तारीखच कागदावर नसेल, तर दिवस मोजणार कुठून? म्हणून चलनाच्या दोन प्रती करा. इयत्ता, माप, नग, तारीख लिहा. एका प्रतीवर शाळेचा शिक्का आणि सही घेऊन ती गटाच्या फाइलला लावा. त्याआधी लेखी ऑर्डर घ्या आणि शिवलेला एक नमुना दाखवून त्यावर सही घ्या. नमुना मंजूर असला की मापाचा वाद निम्मा मिटतो.

या कायद्याचा आधार हवा असेल तर गटाची उद्यम नोंदणी काम घेण्याआधीच झालेली हवी. ती ऑनलाइन आणि मोफत होते. कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

"वरून निधी आला नाही" हे उत्तर बरेचदा मिळेल. कायद्यात त्यासाठी सूट नाही. तरी गुरुजींचा दोष नसतानाही असं होतं, म्हणून ऑर्डर घेतानाच निधी जमा झालाय का ते विचारा. पैसे अडकले तर आधी बसून बोला, मग लेखी स्मरणपत्र द्या. कायद्याखालची तक्रार शेवटी. पुढच्या वर्षी त्याच शाळेत जायचंय, हे विसरू नका.

आणि चूक आपली असेल तर लगेच कबूल करा. त्या गटाच्या 14 चड्ड्या खरंच आखूड निघाल्या. बायांनी त्या नव्याने शिवून दिल्या, या वेळी चलनावर सही घेतली आणि बिल निघालं.