कूटशब्दकोड्याचा कायदा

साध्या शब्दकोड्यातले सूचकवाक्य अर्थ सरळ सांगते. इंग्लंडात रुजलेल्या कूटकोड्यातले वाक्य मात्र दर्शनी एक बोलते आणि पोटात उत्तराच्या दोन निराळ्या वाटा बाळगते. 'सरकारने बसवलेला हात, दोन अक्षरे' असे वाक्य कोणी मराठीत रचले, तर प्रथम दांडगाईच डोळ्यांपुढे येईल. पण 'बसवलेला'पाशी ते तोडले, की पूर्वार्ध म्हणजे सारा व उत्तरार्ध म्हणजे हस्त, असे दोघेही 'कर' या शब्दाशी रुजू होतात.

१९२६ पासून 'ऑब्झर्व्हर' पत्रात 'टॉर्केमाडा' या नावाने अतिदुर्बोध कोडी रचणारे एडवर्ड पॉइस मॅथर्स १९३९ मध्ये निवर्तले आणि त्यांची गादी 'झिमेनेस' ऊर्फ डेरिक मॅकनट या अभिजात भाषांच्या शिक्षकाकडे आली. दोन्ही टोपणनावे स्पॅनिश धर्मन्यायपीठाच्या अधिकाऱ्यांची, हे सोडवणाऱ्यांच्या यातना पाहता यथार्थच म्हटले पाहिजे. सूचकवाक्यात नेमकी व्याख्या, शब्दाच्या घडणीचा प्रामाणिक निर्देश आणि त्यांखेरीज एकही फालतू शब्द नसावा, हा दंडक मॅकनट यांनी १९६६ च्या आपल्या ग्रंथात घालून दिला. परिणामी उत्तर सापडले तरी मुकदमा निकालात निघत नाही. रचनाकाराने फसवले ते कायदेशीर की बेकायदा, यावर चेंबर्सच्या कोशाची साक्ष काढून रसिक तासन्‌तास तक्रार चालवतात, आणि या छंदाची निम्मी गोडी, माझ्या मते, त्या तक्रारीतच आहे.