चित्रफितींची ओढ आणि त्यांचे आयुष्य

१९८२ च्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने आपल्या देशात रंगीत दूरदर्शन आले आणि त्यापाठोपाठ व्हीसीआरही मध्यमवर्गीय घरांत शिरला. एका रात्रीपुरते यंत्र भाड्याने आणावे, शेजाऱ्यांना बोलवावे आणि पहाटेपर्यंत ओळीने तीन चित्रपट पाहावेत, हा त्या दशकाचा कौटुंबिक सोहळाच होता. पुढे लग्ने, मुंजी आणि शाळांची स्नेहसंमेलने कॅसेटवर उतरू लागली. त्या काळाची आठवण निघाली की आमच्या पिढीचे मन अजूनही हळवे होते.

जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ मध्ये आणलेली ही व्हीएचएस पद्धती मोठी कल्पक होती. अर्धा इंच रुंदीची फीत यंत्रात सेकंदाला जेमतेम २३ मिलिमीटर सरकते. एवढ्या मंद गतीने हलते चित्र साठवणे अशक्य. म्हणून ती एका तिरक्या, फिरत्या दंडगोलाभोवती नेली जाते. दंडगोल सेकंदाला २५ फेरे घेतो आणि त्यावर समोरासमोर बसवलेली दोन ‘हेड’ फितीवर ५० तिरप्या चुंबकीय रेघा उमटवतात. फीत ताणली किंवा झिजली की हेड त्या रेघांवर अचूक बसत नाही आणि पडद्यावर पांढरे पट्टे धावू लागतात. ‘ट्रॅकिंग’चे बटण फिरवून आपण जी खटपट करीत असू, ती हीच चूक सुधारण्याची.

मात्र या फितीचे आयुष्य मर्यादित आहे. चुंबकीय कण धरून ठेवणारे बंधकद्रव्य हवेतील ओलावा शोषून विघटित होते; धारवाडच्या लांबलेल्या पावसाळ्यात बुरशीही धरते. शिवाय जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबवल्यापासून नवे यंत्र मिळत नाही. फीत शाबूत, पण ती वाचणारे यंत्र नाही, अशी अवस्था यामुळे ओढवते.

आपल्या गावापुरता याचा अर्थ गंभीर आहे. मल्लिकार्जुन मन्सूर १९९२ मध्ये गेले, गंगूबाई हनगल २००९ मध्ये. त्यांचे स्वर ध्वनिमुद्रिकांत आहेत. परंतु गाताना उठणारा हात, साथीदाराकडे टाकलेला कटाक्ष हे केवळ चित्रच सांगू शकते. अशा एखाद्या मैफलीची फीत कोणाच्या कपाटात असेल, तर ती त्या घरापुरती राहत नाही. घरच्या आजी-आजोबांच्या चालण्या-बोलण्याचेही मोल कमी नव्हे.

तेव्हा कॅसेट कोरड्या जागी, पूर्ण गुंडाळून, उभी ठेवावी. बुरशी दिसल्यास यंत्रात घालू नये. आधी जाणकाराकडून स्वच्छ करून घ्यावी. मग तिचे संगणकीय रूपांतर करून दोन ठिकाणी प्रती ठेवाव्यात. आणि चित्रातील माणसे ओळखणारे वडीलधारे हयात आहेत तोवर त्यांच्याजवळ बसून नावे लिहून घ्यावीत. हे काम पुढच्या पावसाळ्यापूर्वी उरकले तर उत्तम. मग ती काळी डबी आठवण म्हणून खुशाल जपावी.